विश्वास कमी पडला म्हणून नैराश्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या का?

मी समुपदेशक. सोलापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, ४० दिवसांत जरा जास्तच. त्यातला एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाई पंचेचाळिशीच्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे, म्हणून उन्हाळाभर मशीनला उसंत नसते. "सलाम मॅडम" म्हणून बसल्या. पदराला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. बोलता बोलता एकेक उचलून तळहातावर ठेवत होत्या.

"तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागंना. चर्चमध्ये गायन सुरू झालं की रडूच यायलंय. ईस्टर तोंडावर आलाय, दारातल्या लिंबाला पालवी फुटली, माझ्यातच काही उगवंना."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. कुणीतरी सांगितलं, उपास वाढव, प्रार्थना वाढव. त्यांनी दोन्ही वाढवलं. सकाळी चहा, रात्री अर्धी भाकरी, आणि मधे सोलापूरचं ऊन. खचलेल्या माणसाला असा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण मला त्याचा फार त्रास होतो.

मी सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, दाबून ठेवलेल्या बोलण्याला वाट मिळते. बराच वेळ त्या गप्प होत्या.

"जिवाचं काही करून घेणार नाही. पण देवानं आता न्यावं, असं वाटतं."

"एलीयाही हेच म्हणाला होता की."

बायबलमधली ही गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ होती. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेलीच्या धमकीनं रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. पुढचं मात्र त्यांनी कधी थांबून वाचलं नव्हतं. देवदूतानं त्याला विश्वासावरून बोल लावला नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. मग पुन्हा उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट लांबची होती. होरेब डोंगर आणि तिथला देवाचा मंद आवाज त्यानंतर, ४० दिवसांच्या चालीनंतर.

दोरे मुठीत धरून त्या रडल्या. मी रडू दिलं.

त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, कारण यात बिघाड असला तरी माणूस असाच थकलेला, उदास दिसतो. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि नैराश्याचं औषध, दोन्ही सुरू झालं. नैराश्याच्या या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नसतात. बहिणीला सगळं सांगून ठेवलं, शिवाय टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिला. तिथं मराठीतही बोलता येतं. बाईंच्या परवानगीनं मी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलले. ते स्वतः घरी गेले आणि म्हणाले, आजाऱ्याला उपास नसतो, जेवा. हे काम माझ्या दहा बैठकींनी झालं नसतं.

आमच्या बैठकींत आम्ही बहुतेक वेळ आईबद्दलच बोललो. वर्षभर त्यांना तिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी आल्या. झोप पाचपर्यंत लागत होती. रडू अजून यायचं, पण गायनमंडळात पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

"मॅडम, रविवारी तळ्याकाठचा उतारा होता. मरणातून उठलेला येशू शिष्यांसाठी निखारे पेटवून बसलाय, मासे आणि भाकर. तिथं पण आधी खाणंच की!"

मग घड्याळ बघत उठल्या. जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या आणि डबा अजून पिशवीतच होता.