नंदनवनच्या भावाला: त्या एजंटबद्दल आणि रांगेबद्दल

तू नागपूरच्या नंदनवनमधून लिहिलंस. मिहानमध्ये नोकरी, बायको शाळेत शिकवते, मुलगा तीन वर्षांचा. एक एजंट ४५ लाख मागून राहिला आणि त्यासाठी बाबा बेसाचा प्लॉट विकायला तयार आहेत. व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत उतरायचं, परतायचं नाही, आश्रयाचा अर्ज टाकायचा, पुढचं सगळं आपोआप होतं असं त्याचं म्हणणं. आणि शेवटच्या ओळीत तू विचारलंस, "ताई, कायद्याने गेलेले वीस-वीस वर्षं रांगेत, बिनकागदाचे मजेत. मग कायदा पाळणाऱ्याला मिळतं काय?"

त्या ओळीसाठी लिहिते आहे. कोणता फॉर्म, किती फी, मुलाखतीची तारीख कशी घ्यायची, हे सरकारी साइटवर आहे. तिथेच वाच, एजंटच्या तोंडून ऐकू नको.

मी प्रतापनगरची. २००९ मध्ये नवऱ्याच्या एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर, आम्ही इथे अमेरिकेत आलो, मुलगी पाच वर्षांची होती. मला आणि तिला एच-४, म्हणजे राहायची मुभा, कामाची नाही. नागपुरात मी कॉलेजात शिकवत होते. इथे काही वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शाळेतून आणण्यापलीकडे काही केलं नाही, तेही फुकट, कारण पैसे घेतले तर नियम मोडला. २०१५ मध्ये नियम बदलला आणि काही एच-४ जोडीदारांना वर्क परमिट मिळू लागलं. त्यावर मी आज नोकरी करते.

ग्रीन कार्डाचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं, गणित सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, बायकामुलं धरून. एका देशाला त्यातले सात टक्के. भारताला आणि आइसलँडला मर्यादा एकच. नवऱ्याच्या तेव्हाच्या कंपनीने अर्ज टाळत टाळत २०१४ च्या शेवटी टाकला, म्हणून रांगेतली आमची तारीख २०१४ ची. त्या कंपनीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. एचआरच्या बाई दर वेळी गोड आवाजात म्हणायच्या, पुढच्या तिमाहीत बघू. दर महिन्याला इथलं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कोणत्या तारखेपर्यंतचे लोक पुढे सरकले ते असतं. आमच्या घरी ते पंचांगासारखं वाचलं जातं.

मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापाच्या अर्जातून बाहेर पडतं. वय मोजताना थोडी सूट देणारा २००२ चा कायदा आहे, पण इतक्या लांब रांगेत ती सूट पुरत नाही. माझी मुलगी २०२५ मध्ये एकवीसची झाली, तेव्हा आमची तारीख आली नव्हती. आता आम्हा दोघांचा नंबर जवळ आला असं सगळे म्हणतात. तिचा नाही. ती आमच्या रांगेतच नाही.

सोळाची होती तेव्हाची गोष्ट. मैत्रिणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या, हिलाही बोलावलं. फॉर्म घेऊन घरी आली, सगळे रकाने निळ्या पेनने भरले. नोकरीला लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना रिकामा राहिला, कारण एच-४ वरच्या मुलांना तो मिळत नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत देऊन आली. दुकानात सांगितलं, माझ्या आईला मी काम केलेलं आवडत नाही. हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. मुलीला मी अजून काही बोलले नाही.

एकविशीच्या आधी तिला विद्यार्थ्याच्या व्हिसावर, एफ-१ वर, जावं लागलं. त्यासाठी शिक्षण संपलं की मी माझ्या देशात परत जाणार, हे सरकारला पटवायचं असतं. परदेशातला पत्ता म्हणून तिने माझ्या आईचं प्रतापनगरचं घर लिहिलं, पिन कोड मला विचारून. विद्यापीठाने तिची फी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने लावली. पहिलीपासून बारावीपर्यंत ती याच राज्यात शिकली होती. मी पत्रं लिहिली, ऑफिसात जाऊन बसले. समोरची बाई चांगली होती हो, पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या मुलीसाठी दुसरा पर्यायच नव्हता.

आता तुझा प्रश्न. ओबामांनी २०१२ मध्ये डाका नावाची योजना आणली, लहानपणी इथे आणलेल्या मुलांना हाकलू नये आणि काम करू द्यावं म्हणून. त्यात अट अशी की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसला पाहिजे. माझी मुलगी येण्याच्या तारखेमुळेही त्यात बसली नसती. पण तिच्यासारखी, त्याहून आधी आलेली कितीतरी मुलं केवळ कागद बरोबर होते म्हणून बाहेर राहिली. तेव्हा कायदा पाळणाऱ्याला काय मिळतं असं तू विचारतोस, तो प्रश्न मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःला विचारलेला आहे.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ बिनकागदाच्या भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातापायांत बेड्या घालून. त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्याच आठवड्यात आमच्याकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. एकजण म्हणाली, बरं झालं, आम्ही इतकी वर्षं रांगेत आणि हे भिंतीवरून उड्या मारून. माझ्याही मनात पहिलं तेच आलं होतं. मुलीच्या फीचं पत्र त्याच सुमारास आलं होतं, मला कुणाचा तरी राग हवा होता.

पण राग चुकीच्या दारात टाकून चालत नाही. त्या माणसांनी माझ्या मुलीचा नंबर घेतलेला नाही. सात टक्क्यांची मर्यादा इथल्या संसदेने घातली आणि बिनकागदाचा एकही माणूस त्या आकड्यातून वजा होत नाही. शेतात किंवा हॉटेलच्या भटारखान्यात राबणाऱ्याला ग्रीन कार्डाची जी रांग दाखवतात, ती साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १० हजारांची आहे. त्याला 'रांगेत उभा राहा' म्हणणं सोपं आहे.

तरीही मी कायद्याच्याच बाजूची आहे आणि हे मनापासून सांगते. आपल्या दारातून कोणाला आत घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आपल्यालाही आहे. आणि माझ्या मुलीसाठी मी याच कायद्याकडे न्याय मागते आहे. इथल्या खासदारांच्या ऑफिसात जाऊन सांगते की तुम्ही दिलेला शब्द पाळा. उद्या तुला "मोड, काही होत नाही" असा सल्ला दिला तर त्या ऑफिसात मी कोणत्या तोंडाने बसू?

मजेत म्हणालास ना, ते सांगते. आमच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळीला एक गुजराती माणूस असतो. कागद नाहीत, हे त्यानेच मला सांगितलं. एका संध्याकाळी गेले तर काउंटरवर लॉटरीच्या तिकिटांच्या पेटीला टेकवून त्याने फोन उभा केला होता आणि त्यावर त्याच्या आईला नेत होते. गिऱ्हाईक आलं की तो फोन पालथा घालायचा, सुटे पैसे द्यायचा, पुन्हा उभा करायचा. तो का गेला नाही? मुक्काम बेकायदा होऊन १८० दिवस उलटले आणि देश सोडला, की तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष उलटलं असेल तर दहा वर्षं. १९९६ चा कायदा आहे. बायकोमुलं इथे, तो निघाला तर परतीचं दार बंद.

माझे बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. दुसरी लाट होती, नागपुरात बेड मिळत नव्हते. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, मुंबईच्या वकिलातीत नव्या शिक्क्याची तारीख नाही, आणि ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांवर बंदी. मी पण फोनवरच बघितलं. त्या बाबतीत त्याच्यात नि माझ्यात काही फरक नव्हता. पण पुढच्या वर्षी मी घरी गेले. आईजवळ बसले, बाबांचं कपाट दोघींनी मिळून आवरलं, त्यांचा गरम कोट मी घेऊन आले. त्याला अजून जाता आलेलं नाही. कायदा पाळून काय मिळतं, तर मला हे मिळालं. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

एकटेपणाचंही विचारलंस. असतो. गणपतीत आणि तर्री पोह्यांच्या आठवणीत जास्त असतो. दोन-तीन वर्षांत सवय होते, त्यासाठी बेत बदलू नको.

बेत बदल तो आश्रयाच्या अर्जासाठी. तो अर्ज म्हणजे तुझ्या सहीनिशी लिहून द्यायचं, की धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या समाजगटामुळे माझ्या देशात माझा छळ होतो. तुझं तसं काही नाही. तू मिहानला बसने जातोस, आई डबा देते. ज्यांच्या मागे खरंच मारेकरी लागले आहेत ते त्याच रांगेत बसलेले असतात. अर्ज जाणूनबुजून खोटा रचलेला ठरला, तर पुढे इथल्या कोणत्याही इमिग्रेशन लाभाला कायमचा मुकशील. व्हिसाच्या मुलाखतीत "फिरायला चाललो" असं खोटं सांगितल्याचं उघड झालं तर तोही कायमचा डाग. एजंट म्हणत असेल की कधीतरी माफी होते. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात झाली होती, सुमारे २७ लाख लोकांना. त्यानंतर चाळीस वर्षांत तेवढी मोठी झालेली नाही. त्या आशेवर आलेली माणसं इथे म्हातारी झाली.

तो नोकरी लावून देतो असंही सांगत असेल तर त्याला एवढंच विचार, १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली तुमचा नोंदणी क्रमांक काय? सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो तपासता येतो. नोंदणी असलेल्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. ४५ लाख कशाचे, ते त्याच्याकडून लिहून माग.

एच-१बीचं दार सप्टेंबर २०२५ पासून फार अरुंद झालंय, बाहेरच्या देशात असलेल्यासाठी नव्या अर्जाला १ लाख डॉलर लावलेत. पण तुझ्या कंपनीचं इथे ऑफिस आहे म्हणालास. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तिकडे नागपुरात त्याच कंपनीत काम झालं असेल, आणि ते मॅनेजरचं किंवा कंपनीच्या खास ज्ञानाचं असेल, तर एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, इथे बदली मागता येते. त्याला एच-१बीसारखी लॉटरी नाही आणि तो लाख डॉलरचा आकारही नाही. बायकोला त्यात काम करता येतं, वेगळं वर्क परमिट न काढता. मी ज्या वर्षांबद्दल वर लिहिलं ती तिच्या वाट्याला यायला नकोत. कंपनी हो म्हणाली तर पहिल्या दिवशीच ग्रीन कार्डाचा अर्ज कधी टाकणार ते लेखी घे, तिमाहीवर ढकलू देऊ नको. तुझा मुलगा तीनचा आहे, म्हणजे हातात अठरा वर्षं आहेत, आणि आमचा अनुभव बघता ती फार नाहीत. प्लॉटचा व्यवहार तोवर थांबव, आणि कंपनीने काय उत्तर दिलं ते मला कळव.