काकांच्या फोटोला हार

“काका विलिंग्डन कॉलेजमधून बाहेर पडून हवाई दलात पायलट झाले आणि १९७१च्या डिसेंबरात विमानासह बेपत्ता झाले. आजी गेली तरी बाबा त्यांच्या फोटोला हार घालू देत नाहीत. आता काकांचे मित्र कॉलेजात ‘हुतात्मा’ म्हणून तसबीर लावायची म्हणतात. बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आतेभाऊ म्हणतो, एकदाचं श्राद्ध उरकून टाकू. मी काय करू?”
– वि., विश्रामबाग, सांगली

प्रिय वि.,

आधी आतेभावाला आवर. ‘उरकून टाकू’ हे बाबांच्या कानावर गेलं असेल तर त्यांचं डोकं फिरणारच. शस्त्राने गेलेल्यांसाठी पितृपक्षात चतुर्दशी राखलेली आहे, हे त्याचं म्हणणं खरं. पण काका गेले, हे घरी येऊन सांगितलंय कोणी? सात वर्षं काहीच खबर नसली की माणूस मेला, असं कायदा धरून चालतो. वारसनोंदीला ते लागतं. घरावर तशी सक्ती नाही.

१९७१च्या भारत-पाक युद्धातल्या बेपत्तांचे नातेवाईक २००७ साली पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोधायला गेले होते. हाती काही लागलं नाही. पण ३६ वर्षांनीसुद्धा माणसं गेली! तुझे बाबा एकटेच हट्टी नाहीत, एवढ्यासाठी सांगतेय.

मित्रांचंही मला वाईट वाटतं. सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना घाई असणारच. तू स्वतः त्यांना भेट. म्हणावं, फोटो लावा, पण गणवेशातला नको, कॉलेजातला लावा. खाली नाव, विलिंग्डनमधली वर्षं आणि ‘डिसेंबर १९७१पासून बेपत्ता’. ‘हुतात्मा’ नको, हारही नको.

कृष्णेला पाणी चढलं की काका आयर्विन पुलावरून उडी मारायचे, बाबा त्यांचे कपडे धरून काठावर उभे राहायचे आणि आजीचा मार मात्र बाबांनाच बसायचा, हे तू पत्रात कंसात टाकलंयस. अगं, कंसात काय! हे सांगताना बाबा हसतात, असंही तूच लिहिलंयस. तेव्हा काही दिवस हाराचा विषयच काढू नकोस. मित्रांपैकी एकाला घरी चहाला बोलाव, तसबिरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही या अटीवर. पुलावर बरोबर कोण असायचं, वर्गात काका कुठे बसायचे, हे त्यालाच विचार. धाकट्या भावाला यातलं बरंच माहीत नसेल. दोघांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड कर.

एवढं होऊनही बाबा तसबिरीला नाहीच म्हणाले, तर मित्रांना तसं कळव. बाबा आहेत तोवर हे त्यांनीच ठरवायचं.