मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, पेन्सिल मुठीत धरतो. बाईंनी रोज गिरवून घ्यायला सांगितलंय. पेन्सिलीवर चढवायची कोणती ग्रिप घ्यावी?

कुठलीच घेऊ नका. तीन बोटांची पकड बहुतेक मुलांना ४ ते ६ या वयात जमते. मनगटातली ८ हाडं जन्मतः नुसती मऊ, लवचिक कूर्चा असतात, ती पक्की व्हायला पुढची कित्येक वर्षं जातात. असल्या हाताकडून 'अ' गिरवून घ्यायची घाई कशासाठी?

माझ्या लेकाला छोट्या गटातच दुरेघी वही दिली होती. डायरीत शेरा आला, 'हातात जोर नाही, सराव घ्या.' मी घेतला. रोज संध्याकाळी रडारड, दाबून दाबून कागद फाटायचा. एक दिवस पेन्सिल सापडेना. त्याने ती चपलांच्या कपाटामागे टाकली होती. ते बघून माझ्या सासूबाईंनी वही उचलून माळ्यावर ठेवली. थंडीचे दिवस होते, मंडईतून दोन किलो मटार आले होते. त्याला शेजारी बसवून एक शेंग हातात दिली. पहिल्या दिवशी चार सोलल्या असतील. एका हाताने शेंग धरायची, दुसऱ्याच्या अंगठ्याने शिवण दाबायची, मग दाणे चिमटीने काढायचे. पेन्सिलीला लागतं ते सगळं त्यात आलं. पुढे गवार मोडणं, कणकेच्या गोळ्या, श्रावणात कापसाच्या वाती, गणपतीआधी शाडू. मोठ्या गटाच्या शेवटी त्याने आपणहून खडू नीट धरला.

दिवाळीला मोठ्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मुलाच्या जातीला भाजी निवडायला काय बसवतेस? अभ्यास घे." त्या मोठ्या, मी गप्प बसले. आज सांगते, तो अभ्यासच होता. आणि मुलगा म्हणून भाजी निवडायची नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शिंपले, पानं घेऊन बालवाड्या चालवल्या. आपण मात्र ग्रिप शोधत बसतो.

हो, मटार नाकात जातात, म्हणून जवळून उठू नका. आणि चमचा, बटणं, ठोकळे काहीच जमत नसेल, एकच हात सारखा मागे राहत असेल, किंवा आधी जमणारं आता जमेनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे सासूबाईंचे मटार पुरणार नाहीत.

बाईंना डायरीत लिहून द्या की घरी गिरवणं होणार नाही. मी तेव्हा तेवढं लिहायला हवं होतं.