हातचलाखी : वाचकांचे प्रश्न
नाणं गायब करताना

या वेळी नाणं गायब करण्याविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं उजव्या हाताने काम करणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

प्रश्न : नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करून गायब करायला शिकायचं आहे. पण माझे हात लहान आहेत, तळहातात नाणं टिकतच नाही. सुरुवात कुठून करू?

तळहातात टिकवण्याच्या भानगडीत आत्ता पडूच नका. त्याला क्लासिक पाम म्हणतात आणि तो बसायला कित्येक आठवडे जातात. सुरुवात फिंगर पामने करा. उजवा तळहात वर करून नाणं मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाकडच्या पेरांवर ठेवा. ही दोन बोटं किंचित आत वळवली, की बोटांच्या मुळाची घडी आणि मधल्या सांध्याची घडी यांच्यामध्ये नाण्याची कड अडकते. हात उलटा करून हलवला तरी ते पडत नाही. अंगठ्याला यात काहीही काम नाही. तो आखडला, तर पाहणाऱ्याला कळतं की हातात काहीतरी आहे.

आता हातचलाखी बाजूला ठेवा आणि नाणं खरोखरच डाव्या तळहातावर टाका. वीस वेळा. मनगट किती वळतं, डावी बोटं नेमकी कधी मिटायला लागतात, नाणं पडल्यावर उजवा हात कुठे जातो, नजर कुठे जाते, हे पाहून ठेवा. खोटी क्रिया याचीच नक्कल असते. मूळ माहीत नसताना केलेली नक्कल लगेच उघडी पडते.

खोटी क्रिया अशी. नाणं फिंगर पामच्या जागी पण उघडं, सगळ्यांना दिसेल असं असतं. डावा तळहात कमरेच्या थोडा वर, मोकळा. उजवा हात नाणं ओतावं तसा डावीकडे कलंडतो आणि कलंडतानाच ती दोन बोटं जराशी वळतात. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळहाताला टेकतात. डावी बोटं त्यांच्यावर मिटू लागतात आणि उजवी बोटं त्या मिटणाऱ्या मुठीतून सरकत बाहेर येतात. यानंतर हलायचं ते डाव्या मुठीने. ती वीतभर वर, बाजूला जाते. उजवा हात क्षणभर तिथेच थांबतो, मग सैल होऊन खाली येतो. नवशिके याच्या बरोबर उलट करतात: मूठ जागेवरच राहते आणि उजवा हात चटका बसल्यासारखा मागे येतो. हलत्या वस्तूकडे डोळा जातोच, त्यामुळे त्यांचं गुपित तेच दाखवून देतात.

डावी मूठ आवळू नका. नाणं धरलेल्या मुठीत नाण्याएवढी पोकळी असते, ती राहू द्या. मूठ लगेच उघडूही नका. दोन-तीन सेकंद जाऊ द्या, बोटं चोळा, मग करंगळीपासून एकेक बोट उघडा. थोडा वेळ गेला, की 'आत्ताच तर त्या हातात होतं' हा धागा तुटतो. सरावात दोनदा खरं, एकदा खोटं असं आलटून पालटून करा. दोन्हींत फरक दिसेनासा झाला की पुढे जा.

प्रश्न : फ्रेंच ड्रॉप करतो, पण दर वेळी कोणीतरी म्हणतं, 'दुसरा हात दाखव.' काय चुकतंय?

बहुधा तीन गोष्टी एकदम चुकत असतात. फ्रेंच ड्रॉपमध्ये, म्हणजे जुन्या नावाने तूर्निकेमध्ये, डाव्या हाताचा अंगठा आणि बोटांची टोकं यांत नाणं कडेने, आडवं धरलेलं असतं. उजवा हात येतो, त्याचा अंगठा नाण्याखाली आणि बोटं वरून जातात. नाणं झाकलं गेलं, की डावा अंगठा सैल होतो आणि ते डाव्याच हातात पडतं. उजवा हात रिकामाच मिटून निघतो.

पहिली चूक म्हणजे घाई. नाणं पडायच्या आतच उजवा हात निघतो आणि घेतल्याचा भासच होत नाही. दुसरी, नाणं पडताना डावा हात खाली झुकतो किंवा झटका देतो. नाणं त्याच्या वजनाने पडतं, त्याला ढकलायचं नसतं. हातात अंगठी असेल तर काढून ठेवा, टिक् असा आवाज येतो. तिसरी चूक म्हणजे पडलेलं नाणं ताटलीत ठेवल्यासारखा तळहात वर करून थिजलेला डावा हात. नाणं पडताच बोटं सहज वळवा आणि हात खाली सोडा.

चौथी गोष्ट हाताची नाही, विचाराची आहे. नाणं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलंच का? कारण दिसलं नाही, की शंका येते. म्हणून उजव्या हाताला काम द्या. वरच्या फिंगर पामच्या प्रकारात हे छान जमतं: नाणं डाव्या मुठीत 'दिलं', कारण उजव्या हाताने खिशातून पेन काढायचं आहे. तो हात खिशात जातो, नाणं तिथेच सोडतो, पेन घेऊन येतो. पेनने मुठीवर टिचकी मारा, मूठ उघडा. आता कोणी दुसरा हात दाखव म्हटलं तरी हरकत नाही. मागायच्या आधी मात्र स्वतःहून दाखवू नका.

प्रश्न : काही जादूगारांच्या हातात नाणं मूठ मिटेपर्यंत चमकत दिसतं आणि तरी गायब होतं. ते कसं?

तो रिटेन्शन व्हॅनिश. उजवा अंगठा आणि पहिली दोन बोटं यांत नाणं उभं, त्याची चपटी बाजू लोकांकडे करून धरतात. ते डाव्या तळहातावर टेकवतात, डावी बोटं त्याच्यापुढे मिटू लागतात. ती झाकण करतात त्या क्षणी उजवा अंगठा नाणं मागे, बोटांच्या आड ओढतो. डोळ्यात शेवटचं चित्र उरतं ते तळहातावरच्या नाण्याचं.

इथे वेगापेक्षा ताल महत्त्वाचा. डावी बोटं एका लयीत मिटली पाहिजेत आणि नाणं ओढताना उजव्या हाताची गती बदलता कामा नये. नाणं तळहाताला टेकायच्या आधीच ओढलं, तर भास जन्मालाच येत नाही. उजेड समोरून हवा, मागून आला तर नाणं काळपट दिसतं. हा प्रकार समोरच्यांसाठी आहे. तुमच्या उजव्या खांद्यामागे कोणी उभं असेल तर तेव्हा करू नका.

प्रश्न : नजर कुठे ठेवायची? मूठ बघायची की माणसांकडे?

आधी मूठ, मग माणसं. रिकाम्या मुठीकडे अशा नजरेने बघा, की तिच्यात नाणं आहे. मग वर बघून काहीतरी बोला. ज्या हातात नाणं आहे त्याच्याकडे चोरटा कटाक्षही नको.

नजरेचं बळ मोजलंही गेलं आहे. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी 2006 साली चेंडू हवेत गायब होण्याची जादू तपासली. शेवटच्या खोट्या फेकीत जादूगाराने वर पाहिलं तेव्हा 68 टक्के लोकांना न फेकलेला चेंडू वर जाताना 'दिसला'. त्याने हाताकडेच पाहिलं तेव्हा हे प्रमाण 32 टक्क्यांवर आलं.

प्रश्न : आरशात मलाच खरं वाटतं, पण घरचे लगेच पकडतात.

आरशात सराव करणारे बरेच जण नेमक्या चलाखीच्या क्षणी डोळे मिचकावतात. स्वतःलाच फसवतात म्हणा ना! शिवाय आरशात तुम्ही हातांकडे बघत राहता आणि तीच सवय लोकांपुढे जाते. आरसा फक्त अँगल तपासण्यापुरता वापरा. मोबाइल समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. आधी बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, मग उभ्या माणसाच्या. फिंगर पाम वरून बघणाऱ्याला दिसू शकतो. चित्रण एकदा आवाज बंद करून बघा. कुठला हात नको तेव्हा आखडतो, ते लगेच कळतं.

प्रश्न : नाणं कोणतं घ्यावं?

जादूगारांचं लाडकं नाणं म्हणजे अमेरिकन हाफ डॉलर, 30.6 मिलिमीटर व्यासाचं. त्याच्या कडेला खाचा असतात, त्यामुळे पकड येते. ते मिळालंच पाहिजे असं नाही. साधारण 27 ते 31 मिलिमीटरचं, खाचांच्या कडेचं कुठलंही नाणं चालेल. लहान हातांनी खालची मर्यादा धरावी, पण अगदी चिमुकलं नाणं नको: ते लपतं चांगलं, दिसत मात्र नाही. सराव आणि प्रयोग एकाच नाण्याने करा. तळहात कोरडे असतील तर थोडं ग्लिसरीन चोळून पुसून घ्या, घाम येत असेल तर रुमाल जवळ ठेवा.

प्रश्न : 'पुन्हा करून दाखव' म्हटलं तर?

तीच रीत लागोपाठ दोनदा नको. पहिल्या वेळी लोकांना काय होणार ते माहीत नसतं, दुसऱ्या वेळी ते फक्त हातच बघतात. त्याऐवजी गेलेलं नाणं परत आणा, कोपराखालून किंवा कोणाच्या खांद्यामागून. ते फिंगर पाममध्येच आहे, अंगठ्याने टोकांकडे सरकवलं की झालं. आणि सराव गादीवर बसून करा. नाणं शंभरदा पडणार आहे, दर वेळी पलंगाखाली वाकून शोधत बसलात तर सरावाचा अर्धा वेळ त्यातच जाईल.