मुंबईत घरून शिवणकाम करायला महापालिकेची परवानगी लागते का?

तुम्ही आणि दोन मदतनीस एवढंच मनुष्यबळ असेल, तर वेगळी परवानगी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना पुरते. लोक अजून 'गुमास्ता (दुकान नोंदणीचा परवाना) काढा' म्हणतात, पण महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कलम ७ नुसार एवढे थोडे कामगार असलेल्यांना नोंदणी लागत नाही. काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ही सूचना 'नमुना एफ'मध्ये भरायची, त्याची पोच 'नमुना जी'मध्ये मिळते. चालू खातं उघडताना बँक ही पोच मागू शकते, म्हणून ती जपून ठेवा. त्यासाठी एजंटला हजारो रुपये मोजू नका, फॉर्म घरबसल्या भरता येतो.

खरी अडचण बहुधा सोसायटीत येते. फ्लॅट राहण्यासाठी आहे, तेव्हा गिऱ्हाइकांची वर्दळ किंवा दारावर पाटी असणार असेल तर समितीचं ना-हरकत पत्र आधीच लेखी घ्या. विजेचं मात्र फार टेन्शन घेऊ नका: घराच्या काही भागात धंदा असला तरी वापर महिन्याला ३०० आणि आदल्या वर्षी ३,६०० युनिटच्या आत असेल तर वीज नियामक आयोगाच्या आदेशांप्रमाणे घरगुती दरच लागतो.

हे सगळं शिवणकामापुरतं. डबे किंवा फराळ विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी वेगळी, आणि ती घरच्या स्वयंपाकघरालाही लागतेच.