विद्यार्थी कसाऱ्याच्या पुढे आहेत, आपण स्टॉल वांद्र्यात लावतो

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विभागात एम.ए.च्या ६० जागा, गेल्या वर्षी निम्म्याही भरल्या नाहीत. प्रचारासाठी थोडे पैसे मंजूर झालेत आणि समितीत दोन गट पडलेत. एका गटाला परदेशी विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक मेळाव्यात स्टॉल हवाय, दुसऱ्याला दक्षिण मुंबई आणि वांद्र्याच्या नामांकित कॉलेजांतली हुशार मुलं हवीत. तुम्हाला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते सुचत नाही.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या प्रवेश विभागात २६ वर्षं काढली, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. माझं उत्तर असं आहे: लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे जा. कसारा, खोपोली, डहाणू. आणि तिथे उतरून एसटीने पुढे मोखाडा, पाली, जव्हार. तुमच्या रिकाम्या जागांवर बसायला हवीत ती मुलं तिथल्या कॉलेजांत आत्ता तिसऱ्या वर्षाला आहेत आणि त्यांच्यापर्यंत तुमच्या विभागाचं नावसुद्धा पोचलेलं नाही.

आधी समितीच्या दोन मतांबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशभरात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यात परदेशी किती, तर सुमारे ४७ हजार. म्हणजे हजारात एक. त्यातही सगळ्यात जास्त नेपाळचे. सगळा देश मिळून एवढे विद्यार्थी येतात आणि त्यांच्यामागे मोठमोठी खासगी विद्यापीठं लागलेली असतात. तुमच्या विभागाला त्यातून एखादा मिळेल, न मिळेल. जो येईल त्याचं स्वागत करा, पण हातात आहेत तेवढे पैसे त्यावर घालू नका.

नामांकित कॉलेजांतल्या मुलांचं वेगळं आहे. ती कॉलेजं आता स्वायत्त आहेत, बऱ्याच ठिकाणी एम.ए. तिथेच होतं. जी मुलं बाहेर पडतात ती दिल्लीला जातात, परदेशी जातात, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बसतात. त्यांची दिशा दुसऱ्या वर्षालाच ठरलेली असते. तुमची जाहिरात बघून ती बदलत नाही.

आता शहर कुठे गेलं ते बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला आणि १ कोटी १० लाखांच्या वर जाऊन लोकसंख्येने देशातला सगळ्यात मोठा जिल्हा ठरला. (पालघर तेव्हा ठाण्यातच होता, वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.) लालबाग-परळच्या चाळीतलं कुटुंब आधी डोंबिवलीला गेलं, त्याची पुढची पिढी बदलापूरला नाहीतर नालासोपाऱ्याला. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र तर सात जिल्ह्यांचं, थेट सिंधुदुर्गापर्यंत. शहरी विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून राजाबाई टॉवर येतो, पण त्या शहरातली वीस वर्षांची मुलं पहाटे साडेपाचला टिटवाळ्याच्या फलाटावर उभी असतात.

एक प्रसंग सांगते, कारण मला जे कळलं ते तिथून कळलं.

फी भरायचा शेवटचा दिवस होता, दुपारचे चार वाजत आले होते. खिडकीवरचा कारकून रजेवर, म्हणून मी बसले होते. मोखाडा तालुक्यातून एक मुलगी वडिलांबरोबर आली. पहाटेची एसटी, मग कसाऱ्याहून लोकल, मग स्टेशनवरून बस. कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर लावलेलं. मार्कशीट होती, एलसी होतं, जातीचा दाखला होता. वडिलांनी शर्टाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, त्यात घडी घातलेले पैसे. मोजले. आमच्या यादीवर छापलेल्या फीच्या निम्मेच निघाले. मी म्हणाले, ‘पूर्ण भरावी लागेल, आज शेवटचा दिवस आहे.’ वडील ‘बरं’ म्हणाले. दुसरा शब्द नाही. मुलीने कागद होते त्याच क्रमाने पिशवीत ठेवले, रबर लावलं आणि दोघं निघाले.

ती आदिवासी विद्यार्थिनी होती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असता तर तिचं शिक्षण शुल्क सरकारने भरलं असतं. हे मला माहीत होतं. पण मागे तीस माणसांची रांग होती आणि मी पुढच्याचा कागद हातात घेतला. संध्याकाळी यादी बंद करताना तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शिक्का मारला, कारण फी न भरलेल्या सगळ्यांसाठी आमच्याकडे तो एकच शिक्का होता.

ती मुलगी आली होती, मॅडम. पाच-सहा तास प्रवास करून खिडकीपर्यंत आली होती.

पुढच्या वर्षी मी ‘अनुपस्थित’ची यादी घेऊन एकेकाला फोन लावायला बसले. कुणाचं नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उत्पन्न मर्यादेचा दाखला, आलं नव्हतं. कुणाला दुसऱ्या यादीत नाव लागल्याचं कळलंच नव्हतं, गावात रेंज नव्हती. एका मुलीच्या भावाने फोन उचलला आणि ‘राहायची सोय नाही म्हणून नको म्हटलं’ एवढं बोलून ठेवून दिला. दोघांनी विचारलं, अजून येऊ शकतो का? त्या फोनांत ‘मला शिकायचं नाही’ असं एकानेही म्हटलं नाही. म्हणून तुम्हाला पहिलं सांगते: स्टॉलचे पैसे वाचवा आणि यादी लागल्यापासून फी भरेपर्यंतच्या त्या दहा दिवसांवर एक माणूस नेमा. त्याच्याकडे फोन द्या, महाडीबीटीचं लॉगिन कसं करायचं ते त्याला शिकवा, आणि खिडकीवर फी कमी पडलेला विद्यार्थी आला तर परत पाठवण्याआधी त्याच्याकडे पाठवा. भरती तिथेच गळते.

दुसरं वेळेचं. आपण प्रचाराला निघतो मे-जूनमध्ये, निकालाच्या सुमाराला. तोपर्यंत उशीर झालेला असतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांची मुदत ३१ मार्चला संपते. नवा दाखला एप्रिलनंतर काढायचा आणि जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात, तहसीलमध्ये अख्खा तालुका रांगेत असतो. बारावीची मुलं, डिप्लोमाची मुलं, सगळीच. म्हणून कॉलेजांना भेट द्यायची ती डिसेंबर-जानेवारीत. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विषयाचं महत्त्व दहा मिनिटं सांगा आणि उरलेला अर्धा तास एका कागदावर घालवा: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुठला दाखला कुठून काढायचा, वसतिगृह मिळालं नाही तर कुठल्या योजनेत अर्ज करायचा. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. मुंबईत राहून शिकणाऱ्याला स्वाधार किंवा स्वयम् मध्ये वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळू शकते. घरी ‘मुंबईत राहायचं कसं’ हा प्रश्न निघतो तेव्हा त्या मुलीच्या हातात हा कागद असला पाहिजे.

आणि भाषण झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. मुरबाडकडच्या एका कॉलेजात मी गेले होते. माइकवर विचारलं, काही शंका? सगळा वर्ग गप्प. कार्यक्रम संपला, मी पाणी प्यायला टाकीकडे गेले तर मागच्या बाकावरच्या चार मुली तिथे उभ्या. एकीने हळू आवाजात विचारलं, ‘मॅडम, पेपर मराठीतून लिहिला तर चालतो का?’ त्यांच्या मनात तेवढा एकच प्रश्न होता आणि तो सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटत होती. आमचं पत्रक मात्र गुळगुळीत कागदावर पूर्ण इंग्रजीत होतं. ज्या विषयात मराठीतून उत्तरपत्रिका लिहिता येते तिथे ते पत्रकावर पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात छापा. तुमच्या विषयात तशी सोय असेल तर पहिलं काम हेच करा.

तिसरं वेळापत्रक. हे प्रवेश समितीच्या हातात नसतं असं तुम्ही म्हणाल, पण विभागाच्या हातात नक्की असतं. कसाऱ्याहून कुर्ल्याला यायला दोन तास लागतात, त्यापुढे बस. सकाळी साडेआठचं लेक्चर ठेवलं की कल्याणच्या पलीकडचा विद्यार्थी आपोआप वगळला जातो. अकरा ते चार, आठवड्यातून चार दिवस, असं करता आलं तर घरी जाऊन-येऊन शिकणारे वाढतील आणि तेच तुमचे सगळ्यात जास्त विद्यार्थी असणार आहेत. मुलींच्या घरी पहिला प्रश्न असतो, किती वाजता परत येणार? त्याचं उत्तर पत्रकात द्या: कुठल्या गाडीने निघाली तर कितीला घरी पोचेल. आम्ही एका वर्षी खरंच गाड्यांच्या वेळा छापल्या होत्या आणि तेवढाच भाग पालकांनी फाडून खिशात ठेवलेला मी बघितला.

नोकरी करणाऱ्यांना तर आपण पूर्ण विसरलो आहोत, आणि या शहरात ते विसरणं मला फार लागतं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी लवकर भरवले, नोकरी करून शिकणाऱ्यांना यायला मिळावं म्हणून. गिरणगावातली कितीतरी माणसं पाळी सांभाळून रात्रशाळेत शिकली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं तेही अशाच लोकांसाठी. आज ती माणसं गोदामात आहेत, मॉलमध्ये आहेत, डिलिव्हरीच्या गाडीवर आहेत, आणि दूरस्थ शिक्षणाच्या वर्गांना रविवारी येऊन बसतात. कुणी सांगितलेलं नसताना सुट्टीच्या दिवशी वर्गात बसणाऱ्यापेक्षा चांगला विद्यार्थी तुम्हाला कुठे मिळणार? त्या रविवारी तिथे जाऊन उभ्या राहा. शनिवारचा पूर्ण दिवस आणि दोन संध्याकाळी अशी एक तुकडी काढता येते का, ते विभागात मांडा. यूजीसीने एप्रिल २०२२ पासून एका वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली आहे, त्यामुळे दुसरा एखादा अभ्यासक्रम करणारेही येऊ शकतात, फक्त वेळा एकमेकींवर येता कामा नयेत.

अर्ध्यावर सोडून गेलेल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही यातच येतात. पहिल्या सत्रानंतर गेलेले, बाळंतपणात राहिलेल्या, एक विषय राहिला म्हणून तोंड न दाखवणारे. नव्या शैक्षणिक धोरणाखाली ज्यांचे श्रेयांक (क्रेडिट) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा आहेत त्यांना साधारणपणे सात वर्षांपर्यंत ते वापरता येतात, म्हणजे केलेला अभ्यास वाया जात नाही. पण विद्यार्थ्याला हे कोण सांगणार? त्याच्या दृष्टीने तो नापास होऊन गेलेला असतो. विभागाच्या कपाटात त्यांच्या फायली आहेत, फायलीत फोन नंबर आहेत. फोन शिपायाला किंवा नवख्या मदतनिसाला लावायला सांगू नका, शिकवणाऱ्या प्राध्यापकाने स्वतः लावावा. ‘सर तुम्ही? तुम्हाला मी आठवतो?’ असं विचारणारा मुलगा मी ऐकलाय. तो आला परत.

कोकणाबद्दल एकच सांगते. बारावीच्या निकालात कोकण विभाग, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. ती मुलं पदवीनंतर कोल्हापूरला, पुण्याला किंवा सावंतवाडीकडची असली तर गोव्याला जातात, कारण ते जवळ पडतं. त्यांना मुंबईत कलिन्याच्या विद्यापीठ संकुलापर्यंत ओढायचा अट्टाहास नको. पण ज्यांचे काका-मामा आधीच मुंबईत आहेत अशा मुलांची संख्या तिथे मोठी आहे आणि त्यांच्या राहण्याचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. गणपतीत चाकरमानी गावी जातात, त्या आठवड्यात तिथल्या कॉलेजांना सुट्टी असते, पण घराघरात पुढच्या शिक्षणाच्या गप्पा होतात. तुमच्या विभागात रत्नागिरी-सिंधुदुर्गचे आजी विद्यार्थी असतील तर त्यांच्याबरोबर गावी पत्रकं पाठवा. ते जे सांगतील ते घरचे ऐकतील.

तुम्ही विचारलंत, किती वर्षांत फरक दिसेल? पहिल्या वर्षी फोनांमुळे पाच-सात जागा भरतील, तेवढी अपेक्षा धरा. कॉलेजांच्या भेटींचा परिणाम तिसऱ्या वर्षापासून दिसायला लागतो, कारण तोपर्यंत त्या कॉलेजातून आलेली एखादी मुलगी तुमच्याकडे शिकून परत गावी गेलेली असते, आणि पुढच्या दोघी तिचं बघून येतात.

आता एक करा. गेल्या तीन वर्षांच्या प्रवेश यादीतून फक्त तालुका, आधीचं कॉलेज आणि ‘फी भरली की नाही’ हे तीन रकाने काढा. नावं नकोत, फोनही नकोत. तो तक्ता मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. मी बसून कुठल्या आठ-दहा कॉलेजांना आधी जायचं ते काढून देते. डिसेंबरपर्यंत वेळ आहे.