घर तरंगतंय, पण दोष सावलीच्या गडदपणाचा नाही

तुमचा मूळ फोटो आणि रेंडर (संगणकावर बनवलेलं घराचं चित्र) दोन्ही काल रात्री मोठ्या स्क्रीनवर निवांत पाहिले. ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुहागरच्या बाजूला सड्यावरचा (कातळाच्या उघड्या पठारावरचा) प्लॉट आहे, मागे समुद्र, डावीकडे चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण), मध्येच एक विजेचा खांब. क्लायंटने मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून आला आणि त्यात प्रश्न विचारणाऱ्यांनी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं दोन मजली घर बसवलं. सावली दिली, रंग जुळवले, थोडा ब्लरही दिला. तरी घर जमिनीवर टेकत नाही, चिकटवल्यासारखं दिसतं. सावली अजून गडद करू का, असा प्रश्न आहे.

सावली गडद करू नका. आधी समुद्राची रेघ बघा.

फोटोत समुद्राचं क्षितिज दिसतंय ही मोठी सोय आहे. ही रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, त्यामुळे ती फोटोतल्या ज्या वस्तूवरून जाते तिथे त्या वस्तूची उंची कॅमेऱ्याइतकीच भरते. सडा उंचावर असल्याने क्षितिज किंचित खाली जातं खरं, पण ४० मीटर उंचीवरून तो फरक अंशाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. म्हणजे २० मीटरवरच्या भिंतीवर जेमतेम अडीच इंच. तो सोडून द्या. आता तुमच्या रेंडरमध्ये ही रेघ घराच्या दोन्ही बाजूंनी पुढे वाढवून बघा. ती तळमजल्याच्या खिडकीच्या लिंटलला (वरच्या आडव्या तुळईला) लागते. जोतं २ फूट, त्यावर लिंटल ७ फूट, म्हणजे तुमचा कॅमेरा घराच्या जमिनीपासून ९ फुटांवर आहे. उभ्या माणसाच्या हातातला मोबाईल असतो साधारण ५ फुटांवर.

हे ४ फूट कुठून आले? एक तर क्लायंट गडग्यावर चढून उभा होता, किंवा घराची जागा त्याच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा ४ फूट खाली आहे, किंवा तुम्ही कॅमेरा नजरेने जुळवताना चुकलात. मला तिसरंच वाटतं, आणि त्याचं कारण तुमचा ओटा. ५ फुटांवरून २ फूट उंच ओट्याकडे पाहिलं तर डोळा ओट्याच्या फक्त ३ फूट वर असतो. ९ फुटांवरून पाहिलं तर ७ फूट वर. त्यामुळे तुमच्या रेंडरमध्ये ओट्याची फरशी हवी त्याच्या दुपटीहून जास्त खोल पसरलेली दिसते, आणि तिच्या पुढ्यातलं फोटोतलं गवत मात्र जमिनीलगतच्या नजरेने पाहिल्यासारखं दाटीने मिटलेलं आहे. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला पटत नाही. तो म्हणतो, घर तरंगतंय. सावली कितीही काळी केली तरी तो तेच म्हणणार.

कॅमेरा उंच-सखल झाला की घराबद्दलची माहितीच खोटी होते, म्हणून मी या गोष्टीवर एवढा अडून बसतो. माझ्या एका जुन्या कामात उलट चूक होती, कॅमेरा दीड फूट खाली राहिला होता. त्या घरातल्या आजींनी प्रिंट हातात धरून प्लॉटकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘इतक्या उंच ओट्यावर मी चढू कशी?’’ ओटा नकाशात दोनच फूट होता. चित्राने तो उंच केला होता, आणि घाबरवलं एका म्हाताऱ्या बाईला.

कॅमेरा पुन्हा जुळवताना लेन्सचा आकडा लागेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाइलमधली ही सगळी माहिती गळून पडते आणि चित्रही लहान होतं. क्लायंटला सांगा, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा तो आकडा, मिळेल. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याची ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातली फोकल लेंग्थ बहुधा २४ ते २६ मिमी असते. इथे एक बारीक खाच आहे. तो हिशेब चित्राच्या कर्णावर केलेला असतो आणि मोबाईलचा फोटो ४:३ असतो. ब्लेंडरमध्ये सेन्सरची रुंदी ३६ ठेवून २६ मिमी टाकलं तर चित्र किंचित चुकतं. आडव्या फोटोसाठी रुंदी ३४.६ मिमी टाका. फोटो कापलेला नाही ना, हेही विचारून घ्या. नंतर कॅमेऱ्याचा कल असा ठेवा की ब्लेंडरचं क्षितिज समुद्राच्या रेघेवर बसेल, आणि उंची ५ फूट. गडग्याचा एक चिरा टेपने मोजून मागवा, म्हणजे प्रमाणही पक्कं होईल. एफस्पाय हे फोटोवरून कॅमेरा जुळवणारं मोफत साधन चांगलं आहे, मीही वापरतो, पण त्याला फोटोत समांतर कडा लागतात. मोकळ्या प्लॉटवर त्या नसतातच.

पुढच्या कामाला मात्र लाइनआउट (जमिनीवर घराची आखणी) झाल्यावरच फोटो काढा. पांढरी फक्की टाकलेली असते, घराचे चारही कोपरे जमिनीवर दिसतात. दोन कोपऱ्यांवर मोजून १० फुटी बांबू उभे करा. असा फोटो हातात आला की कॅमेरा जुळवायला दहा मिनिटं पुरतात. नंतर कॅमेरा न हलवता बांबू काढून दुसरा फोटो घ्यायचा.

आता सावली. तुमची सावली सरळ उजवीकडे पडते. खांबाची सावली उजवीकडे पडते आणि आपल्याकडे पुढेही येते. तपासायची रीत सोपी आहे. खांबाचं टोक आणि त्याच्या सावलीचं टोक जोडणारी रेघ ओढा, तशीच घराच्या छपराच्या कोपऱ्यापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत. अशा सगळ्या रेघा वाढवल्या की एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. ऊन अगदी बाजूचं असेल तरच त्या समांतर राहतील. जमीन उंच-सखल असली तरी हे लागू पडतं.

समुद्र म्हणजे पश्चिम, आणि खांबाची सावली आपल्याकडे येते, म्हणजे फोटो दुपारनंतरचा आहे. सूर्य घराच्या मागच्या अंगाला. मग घराची जी बाजू आपल्याला दिसते ती सावलीत हवी! तुम्ही मात्र तिच्यावर पिवळं ऊन टाकलंय. क्लायंटला दर्शनी बाजू उन्हात हवी असेल तर सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा फोटो काढावा लागेल, याला दुसरा उपाय नाही. तारीख-वेळ कळली तर ब्लेंडरच्या सन पोझिशन ॲड-ऑनमध्ये अक्षांश-रेखांश घालून सूर्य नेमका बसवता येतो. फक्त मॉडेलची उत्तर दिशा नकाशाप्रमाणे आहे ना ते बघा. आणि ‘सूर्य नेहमी दक्षिणेकडे’ हे डोक्यातून काढून टाका. कोकणात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो.

सावलीच्या कडेचंही पाहा. सूर्याची तबकडी आकाशात साधारण अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून सावली टाकणारी कड १० मीटर दूर असेल तर सावलीची किनार सुमारे ९ सेंटिमीटर पुसट होते. जोत्यापाशी कड धारदार, छपराच्या टोकाशी मऊ. तुम्ही फोटोशॉपमध्ये सगळीकडे सारखाच ब्लर दिलाय. तो काढा आणि ब्लेंडरमधल्या सूर्याचा कोन ०.५३ अंश ठेवा, बाकीचं आपोआप होतं.

दर्शनी बाजू सावलीत गेली की तिच्यावर उजेड उरतो तो आकाशाचा आणि जमिनीचा. कोकणातल्या घराचं चित्र खरं वाटतं की नाही, हे माझ्या मते इथे ठरतं. कधी सड्यावरच्या घराच्या पडवीत उभं राहून वर बघा. पांढऱ्या चुन्याने रंगवलेला छज्जाही खालून पांढरा दिसत नाही. त्याला तांबूस झाक असते, कारण अंगणातल्या लाल मातीवरून उसळलेला उजेड तिथे पोचतो. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत ती झाक जास्त, वर जाता जाता आकाशाचा निळसरपणा वाढतो. तुमच्या घराचे छज्जे खालून करडे आहेत. ते करडेपण या जागेचं नाही.

ते आणायला घराखाली आणि पुढे बरीच लांबवर जमीन करा, तिला फोटोतल्याच मातीचा आणि सुकल्या गवताचा रंग द्या आणि तिच्यावरचा उजेड घरावर उसळू द्या. तिचीच शॅडो कॅचर (फक्त सावली झेलणारी जमीन) म्हणून प्रत ठेवली की सावली वेगळी मिळते. ही जमीन सपाट ठेवू नका, फोटोतल्या उंचवट्यांप्रमाणे ढोबळ वरखाली करा, म्हणजे सावली गवतावर मोडत जाईल. आकाशासाठी नेटवरचा परदेशी शेताचा एचडीआरआय (चहूबाजूंचा उजेड टिपलेला फोटो) वापरू नका. त्याच जागी चकचकीत स्टीलचा गोळा ठेवून कमी-जास्त एक्स्पोजरचे पाच-सात फोटो घ्या. संगणकचित्रांचे संशोधक पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ साली मांडलेली ही पद्धत आजही तितकीच कामाची आहे. सूर्य इतका प्रखर असतो की या फोटोंत तो पुरता मावत नाही, म्हणून तो वेगळ्या दिव्याने द्यायचा.

जोतं जमिनीला मिळतं तिथे सरळ सुरीने कापल्यासारखी रेघ आहे. प्रत्यक्षात ती कुठेच नसते. फोटोतलंच पुढचं गवत मास्क करून जोत्यावर चढू द्या, पाती एकेक करून. आणि जोत्याच्या तळाला फूटभर उंचीपर्यंत लाल शिंतोडे द्या. एका पावसाळ्यात प्रत्येक घराला ते येतातच. क्लायंट म्हणेल नवं घर मळकट का, तर अगदी हलके द्या, पण द्या.

रंगाबद्दल एवढंच सांगतो. मोबाईल स्वतःच अनेक फ्रेम मिसळून सावल्या उजळतो, शिवाय समुद्राकाठची दमट हवा. घराएवढ्या अंतरावरचं कलमाचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्याजवळचा सर्वात काळा भाग आयड्रॉपरने मोजा. ० ते २५५ च्या मापात तो शून्य भरणार नाही, निळसर २०-३० भरेल. तुमच्या खिडक्यांच्या आतला काळा ३ आहे. तो कर्व्हने त्या झाडाइतका वर आणा, तिन्ही चॅनेल वेगवेगळे. मूळ फोटो ब्लेंडरच्या एजीएक्स किंवा फिल्मिक या रंग बदलणाऱ्या सेटिंगमधून काढू नका, त्याचे रंग बदलतात. धारदारपणा आणि नॉइज सगळ्यात शेवटी, फोटो १०० टक्क्यांवर ठेवून.

फोटोतला विजेचा खांब पुसण्याचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. तो खांब तिथे राहणार आहे, घरातून रोज दिसणार आहे, आणि सूर्याची दिशा आपल्याला त्यानेच सांगितली.

क्लायंट नेमका कुठे उभा होता ते विचारा, चिऱ्याचं माप मागवा आणि कॅमेरा ५ फुटांवर घेऊन नुसतं एकरंगी, रंग-पोत न दिलेलं रेंडर इथे टाका. रंग-सावलीचं काम त्याआधी सुरू करू नका. रेघ लिंटलवरून खिडकीच्या तळाशी उतरली की मी पुन्हा बघतो.